पुनर्रचना ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन हस्तांतरणाचा वेग: लॅम्डा काढायचा कसा आणि वापरायचा कसा

दोन संकुलं घ्या. दोन्हींत मधोमध एक धातू आणि भोवती सहा अमोनिया. एकात रुथेनियम, दुसऱ्यात कोबाल्ट. प्रत्येक धातूची +२ आणि +३ अशी दोन्ही रूपं पाण्यात एकत्र ठेवली, की +२ वाल्याचा इलेक्ट्रॉन +३ वाल्याकडे जातो. जो +२ होता तो +३ झाला, जो +३ होता तो +२ झाला. अभिक्रियेआधी जे होतं तेच नंतरही आहे. ऊर्जेचा फायदा शून्य, तोटा शून्य, आणि एकही बंध तुटलेला नाही.

तरीही रुथेनियमच्या जोडीचा वेग स्थिरांक प्रति मोलर प्रति सेकंद काही हजार भरतो आणि कोबाल्टच्या जोडीचा काही दशलक्षांश. एकीकडे काम मिलिसेकंदाच्याही आत उरकतं, दुसरीकडे दिवस मोजावे लागतात. फरक सुमारे अब्जपटीचा.

या अब्जपटीचं उत्तर बहुतांशी एकाच राशीत आहे: पुनर्रचना ऊर्जा, म्हणजेच लॅम्डा. ती समजून घेणं, हाताने काढणं, प्रयोगातून मोजणं आणि वेगाच्या सूत्रात घालणं, हे सगळं या लेखात क्रमाने करू. बारावीचं रसायनशास्त्र आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं भांडवल पुरेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मीही बराच काळ इथे चुकत होतो. ‘लॅम्डा कमी तर वेग जास्त’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत ते चालूनही जातं. पण ते अर्धंच खरं आहे. नुसत्या लॅम्डाकडे बघून वेगाबद्दल काहीच ठरवता येत नाही. लॅम्डा नेहमी अभिक्रियेच्या मुक्त ऊर्जेशेजारी ठेवूनच वाचायचा.

लॅम्डा म्हणजे नेमकं काय

इलेक्ट्रॉन हलका, अणुकेंद्रं जड. इलेक्ट्रॉन उडी मारतो त्या क्षणात अणूंना हलायला वेळच मिळत नाही. १९५२ साली विलार्ड लिबी यांनी इलेक्ट्रॉन हस्तांतरणाच्या संदर्भात हा मुद्दा मांडला: उडीनंतर नवा प्रभार जुन्याच मांडणीत अडकतो, म्हणून वेग मंदावतो. रुडॉल्फ मार्कस यांना त्यात एक खोट दिसली. प्रकाश पडत नसेल तर त्या अवघडलेल्या अवस्थेत जायला लागणारी ऊर्जा येणार कुठून? अंधारात उडी मारायची, तर उडीच्या आधीची आणि नंतरची ऊर्जा सारखीच हवी. म्हणजे अणूंनी आणि द्रावकाने आधी हलून अशी एक मधली मांडणी गाठायची, जिथे इलेक्ट्रॉन इकडे असला काय किंवा तिकडे असला काय, एकूण ऊर्जा तितकीच. उडी त्यानंतर. मार्कस यांनी हे १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

यातून लॅम्डाची व्याख्या अशी निघते: इलेक्ट्रॉन जागचा न हलवता, सगळे अणू आणि भोवतालचं द्रावक अभिक्रियाकारकांच्या आरामशीर मांडणीतून उत्पादितांच्या आरामशीर मांडणीत ओढून न्यायला लागणारी ऊर्जा. ‘इलेक्ट्रॉन जागचा न हलवता’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. पुढचे निम्मे घोटाळे हे शब्द विसरल्याने होतात.

पायरी १: कागदावर दोन पॅराबोला काढा

ही पायरी गाळू नका. सूत्र पाठ असलेल्यांनीही एकदा हे हाताने काढून बघावं.

आलेखाच्या कागदावर आडवा अक्ष म्हणजे मांडणी. ० म्हणजे अभिक्रियाकारकांची मांडणी, १ म्हणजे उत्पादितांची. उभा अक्ष ऊर्जेचा. लॅम्डा १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. पहिला पॅराबोला क्षचा वर्ग, त्याचा तळ ० वर. दुसरा (क्ष − १) चा वर्ग, तळ १ वर. दोघे ०.५ वर छेदतात आणि तिथली उंची ०.२५ येते. म्हणजे मुक्त ऊर्जेत बदल नसेल तेव्हा चढण, म्हणजेच सक्रियण ऊर्जा, लॅम्डाची बरोबर एक चतुर्थांश. पहिला पॅराबोला क्ष = १ वर किती उंच आहे तेही बघा: १. तोच लॅम्डा. चढण आणि लॅम्डा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे डोळ्यांनी दिसतं.

आता दुसरा पॅराबोला ०.५ ने खाली सरकवा, म्हणजे डेल्टा-जी (अभिक्रियेतला मुक्त ऊर्जेचा बदल) उणे ०.५. छेदबिंदू ०.२५ वर येतो, उंची ०.०६२५. आणखी खाली, उणे १.० पर्यंत न्या. छेदबिंदू थेट पहिल्या पॅराबोलाच्या तळाशी, चढण शून्य. इथे वेग सर्वाधिक. आणि आता गंमत: उणे १.५ वर न्या. छेदबिंदू तळाच्या डावीकडे, उणे ०.२५ वर जातो आणि चढण पुन्हा ०.०६२५ होते. अभिक्रिया आणखी फायद्याची केली आणि ती मंदावली. हाच तो ‘उलटा प्रदेश’.

बीजगणितात हेच एका ओळीत येतं:

सक्रियण ऊर्जा = (लॅम्डा + डेल्टा-जी)² ÷ (४ × लॅम्डा)

पायरी २: लॅम्डाचे दोन भाग करा

आतला लॅम्डा म्हणजे रेणूंच्या स्वतःच्या बंधांची लांबी आणि कोन बदलायला लागणारी ऊर्जा. बाहेरचा लॅम्डा म्हणजे भोवतालच्या द्रावकाच्या रेणूंना नव्या प्रभाराप्रमाणे वळवायला लागणारी ऊर्जा. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण लॅम्डा. कुठला भाग वरचढ आहे हे ओळखता आलं की अर्धी लढाई जिंकली, कारण आतला भाग बदलायचा तर रेणू बदलावा लागतो, आणि बाहेरचा बदलायचा तर द्रावक किंवा अंतर.

पायरी ३: आतला लॅम्डा बंधांवरून काढा

प्रत्येक बंध म्हणजे एक स्प्रिंग. स्प्रिंग ताणायला लागणारी ऊर्जा ½ × बलस्थिरांक × (लांबीतला बदल)². जेवढे बंध बदलतात तेवढ्यांची बेरीज करायची.

सुरुवातीच्या संकुलांकडे परत जाऊ. दोन संकुलं, प्रत्येकी सहा बंध, एकूण बारा. सोयीसाठी प्रत्येक बंधाचा सरासरी बलस्थिरांक १५० न्यूटन प्रति मीटर धरू. खरे आकडे धातूगणिक आणि प्रभारागणिक वेगळे असतात, पण अंदाजाला हे चालेल.

रुथेनियम-नायट्रोजन बंध +२ मधून +३ मध्ये जाताना जेमतेम ०.०४ अँगस्ट्रॉमने आखडतो. बारा बंधांचा हिशेब केला तर आतला लॅम्डा ०.०९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चौथा भाग ०.०२, म्हणजे चढण नसल्यातच जमा.

कोबाल्ट-नायट्रोजन बंध सुमारे ०.२२ अँगस्ट्रॉमने बदलतो. बदल साडेपाचपट, पण ऊर्जेत वर्ग येतो म्हणून तीसपट. लॅम्डा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, चढण ०.६८.

पाण्यातल्या लोहाच्या आयनांचा, म्हणजे सहा पाण्यांनी वेढलेल्या लोहाचा, बंध सुमारे ०.१४ अँगस्ट्रॉमने बदलतो. लॅम्डा १.१ येतो. त्याचा स्वविनिमयाचा, म्हणजे स्वतःच्याच +२ आणि +३ रूपांतल्या देवाणघेवाणीचा वेगही या दोघांच्या मधेच पडतो, प्रति मोलर प्रति सेकंद एक ते चारच्या घरात.

चढणीतला ०.६६ चा फरक खोलीच्या तापमानाला वेगात दहाच्या अकराव्या घाताएवढा फरक सांगतो. प्रत्यक्षात तो नवव्या घाताच्या आसपास आहे. सगळ्या स्प्रिंगा एकसारख्या धरून केलेल्या हिशेबाला मी यापेक्षा जास्त अचूकता मागत नाही. +२ कोबाल्टचे बंध बरेच मऊ असतात, त्यामुळे आपला आकडा फुगलेला आहे.

पण कोबाल्टचाच बंध एवढा का बदलतो? उत्तर इलेक्ट्रॉन कुठे बसतो यात आहे. रुथेनियममध्ये येणारा इलेक्ट्रॉन लिगँडच्या मधल्या मोकळ्या दिशांना रोखलेल्या ऑर्बिटलमध्ये बसतो, कोणाला धक्का लागत नाही. कोबाल्ट +३ लो-स्पिन आहे आणि +२ हाय-स्पिन. +२ होताना थेट लिगँडकडे तोंड करून असलेल्या ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन येऊन बसतात आणि सहाही अमोनिया मागे रेटले जातात. एखाद्या धातूची जोडी मंद असेल की वेगवान, याचा अंदाज बांधायचा तर आधी इलेक्ट्रॉनचं घर बघा. मला तरी याहून उपयोगी नियम सापडलेला नाही.

सेंद्रिय रेणूंसाठी बंध मोजत बसण्यापेक्षा संगणकावर ‘चार बिंदूंची पद्धत’ वापरतात. उदासीन रेणू आणि त्याचा आयन, दोघांची सर्वांत आरामशीर मांडणी काढायची. मग चार ऊर्जा: उदासीन त्याच्या स्वतःच्या मांडणीत, उदासीन आयनाच्या मांडणीत, आयन स्वतःच्या मांडणीत, आयन उदासीनाच्या मांडणीत. परक्या मांडणीतली ऊर्जा वजा स्वतःच्या मांडणीतली, असे दोन फरक घ्या आणि बेरीज करा. पेंटासीनसाठी नेहमीच्या डीएफटी (संगणकावरच्या पुंजयांत्रिक गणिताची एक पद्धत) पद्धतीने हा आकडा ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ येतो, कारण ताठ, सपाट, पसरलेल्या पाय (π) इलेक्ट्रॉन प्रणालीत एक इलेक्ट्रॉन काढल्याने प्रत्येक बंध थोडाथोडाच बदलतो. बायफिनाइलसारख्या पिळलेल्या रेणूत पीळच बदलतो, म्हणून त्याचा लॅम्डा जास्त. ध्यानात ठेवा, या पद्धतीत फक्त आतला भाग येतो. द्रावक त्यात नाही.

पायरी ४: बाहेरचा लॅम्डा द्रावकावरून काढा

मार्कस यांनी देणारा आणि घेणारा यांना दोन गोल मानलं आणि द्रावकाला एकसंध माध्यम. एका इलेक्ट्रॉनसाठी, अँगस्ट्रॉम आणि इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये:

बाहेरचा लॅम्डा = १४.४ × [१/(२ × पहिली त्रिज्या) + १/(२ × दुसरी त्रिज्या) − १/अंतर] × [१/अपवर्तनांकाचा वर्ग − १/डायइलेक्ट्रिक स्थिरांक]

पहिला कंस भूमितीचा, दुसरा द्रावकाचा. दुसऱ्या कंसाचा अर्थ समजून घ्या, कारण सगळा जीव तिथे आहे. अपवर्तनांकाचा वर्ग हा द्रावकाच्या इलेक्ट्रॉन ढगांचा प्रतिसाद; तो इतका चपळ की उडणाऱ्या इलेक्ट्रॉनबरोबरच बदलतो, त्याची किंमत वेगळी मोजावी लागत नाही. डायइलेक्ट्रिक स्थिरांकात मात्र रेणूंचं वळणंही येतं आणि तेच मंद. वजाबाकीत उरतो तो फक्त हा मंद भाग, आणि तोच आधीच तयार ठेवावा लागतो.

पाण्यासाठी: अपवर्तनांक १.३३३, वर्ग १.७८, व्यस्त ०.५६३. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८, व्यस्त ०.०१३. फरक ०.५५. अॅसिटोनायट्राइलसाठी ०.५३च्या आसपास. टॉल्यूइनसाठी वर्ग २.२४, स्थिरांक २.३८, आणि फरक फक्त ०.०२६.

दोन्ही गोल ३.५ अँगस्ट्रॉम त्रिज्येचे, एकमेकांना टेकलेले, म्हणजे अंतर ७. पहिला कंस १/७. पाण्यात लॅम्डा १.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेच गोल १४ अँगस्ट्रॉमवर नेले तर १.७०. अंतर वाढलं की वेग पडतो तो फक्त कपलिंग (देणारा आणि घेणारा यांच्या ऑर्बिटलांमधली जोड) घटल्यामुळे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लॅम्डाही वाढतो. टॉल्यूइनमध्ये टेकलेल्या गोलांसाठी हाच लॅम्डा ०.०५ येतो. या आकड्यावर फार विसंबू नका. असं द्रावक एकसंध माध्यम मानलं की त्याचा खरा प्रतिसाद कमी भरतो. शिवाय द्रावक बदललं की डेल्टा-जी सुद्धा बदलतो, कारण अध्रुवीय द्रावकात सुटे प्रभार सांभाळणं महाग पडतं. लॅम्डा नवा आणि डेल्टा-जी जुना, अशी सरमिसळ केलेली गणितं मी तपासताना कितीतरी वेळा पाहिली आहेत.

पायरी ५: वेगाच्या सूत्रात घाला

देणारा आणि घेणारा यांची कपलिंग क्षीण असेल, तर:

वेग स्थिरांक = (२ पाय ÷ एच-बार) × कपलिंग² × १ ÷ √(४ पाय × लॅम्डा × के-टी) × ई चा [−सक्रियण ऊर्जा ÷ के-टी] वा घात

एच-बार म्हणजे प्लँक स्थिरांक ÷ (२ पाय), के-टी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान. २५ अंश सेल्सियसला के-टी = ०.०२५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कपलिंग ०.००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली आणि लॅम्डा १ असला, तर घाताआधीचा सगळा भाग सेकंदाला सुमारे १७ अब्ज येतो. आता फक्त लॅम्डा बदलत जाऊ, डेल्टा-जी उणे ०.३ वर स्थिर ठेवून.

लॅम्डा ०.६: चढण ०.०३७५, वेग ५ अब्ज.
लॅम्डा १.०: चढण ०.१२२५, वेग १४ कोटी.
लॅम्डा १.४: चढण ०.२१६, वेग ३२ लाख.

लॅम्डा ०.८ ने वाढला आणि वेग दीड हजारपटीने घसरला. पाठ केलेलं वाक्य इथे खरं ठरलं.

आता डेल्टा-जी उणे १.२ करा. लॅम्डा ०.६ असताना वेग ६.३ कोटी. लॅम्डा १.२ केला तर १५ अब्ज. लॅम्डा दुप्पट झाला आणि वेग दोनशेपटीहून अधिक वाढला! कारण पहिल्या वेळी आपण उलट्या प्रदेशात होतो, आणि लॅम्डा वाढवल्याने शिखरावर येऊन पोहोचलो.

म्हणून आकडे घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: उणे डेल्टा-जी मोठा की लॅम्डा? लॅम्डा मोठा असेल तर सामान्य प्रदेश, तो कमी केल्याने वेग वाढेल. उणे डेल्टा-जी मोठा असेल तर उलटा प्रदेश, तिथे सगळंच उलट.

प्रथिनांसाठी एक पटकन वापरायचं सूत्र आहे, मोझर आणि डटन यांचं. वेगाचा १० पायाचा लॉगॅरिदम = १५ − ०.६ × अंतर − ३.१ × (डेल्टा-जी + लॅम्डा)² ÷ लॅम्डा. अंतर दोन्ही गटांच्या काठापासून काठापर्यंत, अँगस्ट्रॉममध्ये. १० अँगस्ट्रॉम, डेल्टा-जी उणे ०.१, लॅम्डा ०.७ असे घातले तर सेकंदाला अडीच कोटी. लॅम्डा दुप्पट, १.४ केला तर १.८ लाख. प्रथिनाने धातूला कवटाळून आतला लॅम्डा कमी ठेवला आणि पाण्यापासून आडोसा देऊन बाहेरचा, तर काय साधतं ते या दोन आकड्यांत दिसतं. अझुरिनसारख्या निळ्या ताम्र प्रथिनांत तांबं ना धड +१ च्या आवडीच्या घडणीत असतं, ना +२ च्या. प्रथिन त्याला मधेच जखडून ठेवतं, म्हणून इलेक्ट्रॉन आला-गेला तरी फारसं काही हलत नाही. लॅम्डा ०.६ ते ०.८ च्या टप्प्यात राहतो. प्रथिनाबाहेरच्या साध्या ताम्र संकुलांत तो याच्या कितीतरी वर जातो.

पायरी ६: प्रयोगातून मोजा

गणिताने काढलेला लॅम्डा हा अंदाज. मोजायचे रस्ते तीन-चार आहेत.

सर्वांत सुंदर रस्ता मिश्र-संयुजा संकुलांचा. एकाच रेणूत एक धातू +२ आणि दुसरा +३ असेल, तर प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसरीकडे जातो. प्रकाशाची ही उडी उभी असते, अणू जागच्या जागी. पायरी १ च्या चित्रात ० वर उभं राहून दुसऱ्या पॅराबोलापर्यंतची उंची मोजा. सममित रेणूत ती बरोबर लॅम्डा भरते. म्हणजे जवळ-अवरक्त पट्ट्याचं शिखर वाचलं की लॅम्डा हातात. समजा शिखर ८००० प्रति सेंटिमीटरवर आहे. ८०६६ ने भागा: ०.९९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. नोएल हश यांच्या सूत्राने ताळा करून घ्या: खोलीच्या तापमानाला निम्म्या उंचीवरची रुंदी = √(२३१० × शिखर), इथे सुमारे ४३०० प्रति सेंटिमीटर. तुमचा पट्टा यापेक्षा खूपच अरुंद असेल तर थांबा. बहुधा इलेक्ट्रॉन दोन्ही धातूंवर पसरलेला आहे, उडीच होत नाही, आणि शिखराची जागा लॅम्डा सांगत नसून कपलिंगची दुप्पट सांगते आहे. दोन रुथेनियम जोडलेला प्रसिद्ध क्रॉइट्झ-टाऊबी आयन याच कुंपणावर बसलेला आहे, त्यावरून नवख्याने लॅम्डा काढायला जाऊ नये.

दुसरा रस्ता इलेक्ट्रोडचा. इलेक्ट्रोडचं विभव बदललं की डेल्टा-जी हवा तसा बदलता येतो. क्रिस्टोफर चिडसी यांनी १९९१ मध्ये सोन्यावर थायॉलच्या साखळ्यांनी बांधलेल्या फेरोसीनचा वेग असा मोजला आणि लॅम्डा ०.८५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळवला. धातूत सगळ्या ऊर्जांचे इलेक्ट्रॉन उपलब्ध असल्याने तिथे वेग उलट्या प्रदेशात घसरत नाही, एका पातळीवर सपाट होतो. वक्र वाकायला लागतो ती जागा लॅम्डाची खूण.

तिसरा रस्ता वेगवेगळ्या डेल्टा-जीच्या जोड्या बनवून आलेख काढण्याचा, आणि यात एक सापळा आहे. रेम आणि वेलर यांनी १९७० च्या सुमारास अॅसिटोनायट्राइलमध्ये नेमकं हेच केलं. वेग वाढत गेला, सपाट झाला, आणि उलटा प्रदेश दिसलाच नाही. द्रावणात सुटे रेणू एकमेकांपर्यंत पोहोचायलाच जो वेळ घेतात तीच वेगाची कमाल मर्यादा ठरते, आणि शिखराचा सगळा माथा त्या मर्यादेखाली कापला जातो. १९८४ मध्ये मिलर, कॅलकटेरा आणि क्लॉस यांनी देणाऱ्या बायफिनाइलला आणि घेणाऱ्या गटाला एका ताठ स्टेरॉइड सांगाड्याच्या दोन टोकांना बांधलं. भेटायला जाण्याचा प्रश्नच मिटला. वेग उणे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास शिखरावर पोहोचला आणि तिथून खाली उतरला. भाकित १९६० च्या सुमाराचं, खात्रीचा पुरावा त्यानंतर सुमारे पाव शतकाने.

वेगवेगळ्या तापमानांना वेग मोजून चढणीवरूनही लॅम्डा निघतो. पद्धत सोपी, पण डेल्टा-जी तापमानाबरोबर बदलतो हे विसरलात तर उत्तर भलतंच येतं.

हमखास होणाऱ्या चुका

माझी स्वतःची पहिली चूक चारच्या भागाकाराची. आलेखावरून काढलेली सक्रियण ऊर्जा ०.२४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मी थेट लॅम्डा म्हणून पुढच्या गणितात घातली, आणि दोन दिवस वेग एवढा जास्त का येतो म्हणून कपलिंगला दोष देत बसलो. स्वविनिमयात लॅम्डा त्या चढणीच्या चौपट, म्हणजे ०.९६ असायला हवा होता.

दुसरी चूक बेरजेची. चार बिंदूंच्या पद्धतीतले दोन फरक मिळून एका रेणूच्या स्वविनिमयाचा आतला लॅम्डा देतात. देणारा आणि घेणारा वेगवेगळे असतील तर प्रत्येकाच्या लॅम्डाचा निम्मा घेऊन बेरीज करायची. दोघांचे पूर्ण आकडे मिळवले की उत्तर दुप्पट.

तिसरी कपलिंगची. कपलिंग मोठी असेल तर दोन पॅराबोला छेदत नाहीत, एकमेकांना टाळून वळतात, आणि चढण कपलिंगएवढी कमी होते. तिथे पायरी ५ चं सूत्र लागू नाही.

एक पूर्ण उदाहरण: प्रकाशाने प्रभार वेगळे करायचे आहेत

उत्तेजित अवस्थेत २.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आहे. त्यातली ०.५ खर्चून इलेक्ट्रॉन घेणाऱ्याकडे जातो, म्हणजे पुढच्या पावलाचा डेल्टा-जी उणे ०.५. उरलेले १.५ प्रभार वेगळे झालेल्या जोडीत साठले. आता इलेक्ट्रॉन परत मूळ जागी कोसळला तर ते वाया गेले. त्या परतीचा डेल्टा-जी उणे १.५. दोन्ही पावलांची कपलिंग ०.००१ धरू.

आधी लॅम्डा १.१, ध्रुवीय द्रावकातला लहान रेणू. पुढचं पाऊल: चढण ०.०८२, वेग सेकंदाला ६६ कोटी. परतीचं: चढण ०.०३६, वेग ३.९ अब्ज. परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा सहापट वेगवान. कमावलेले प्रभार साठायच्या आत संपतात.

आता लॅम्डा ०.६. घेणारा म्हणून फुलरीनसारखा मोठा आणि ताठ रेणू निवडला, द्रावक कमी ध्रुवीय घेतलं, आणि त्यामुळे बदलणारे डेल्टा-जी रेणूंची निवड करून पुन्हा याच आकड्यांवर आणले, असं समजा. पुढचं पाऊल: चढण ०.००४, वेग १८ अब्ज. परतीचं पाऊल: चढण ०.३४, वेग ४३ हजार. जाण्याची वाट परतीपेक्षा चार लाखपट वेगवान. एकाच लॅम्डाने पुढचं पाऊल शिखराजवळ आणलं आणि परतीचं उलट्या प्रदेशात ढकललं. प्रकाशसंश्लेषी जीवाणूंच्या अभिक्रिया केंद्रात पहिलं पाऊल सुमारे ३ पिकोसेकंदांत होतं आणि परतीची वाट त्यामानाने फारच मंद असते, त्यामागच्या कारणांत हेही एक आहे.

या ४३ हजारावर शेवटचा हात फिरवायचा राहिला. उलट्या प्रदेशात पॅराबोलाचं चित्र वेग कमी दाखवतं. कार्बन-कार्बन बंधांची कंपनं १५०० प्रति सेंटिमीटरच्या, म्हणजे ०.१९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासची असतात. खोलीच्या तापमानाचा के-टी २०७ प्रति सेंटिमीटर, त्यामुळे ही कंपनं पुंजयांत्रिक पद्धतीनेच मोजावी लागतात. परतीचा इलेक्ट्रॉन थेट उत्पादिताच्या तळाशी न जाता एक, दोन, तीन कंपन-पायऱ्या वर उतरू शकतो. प्रत्येक पायरीमागे उणे डेल्टा-जी ०.१९ ने घटतो आणि चढण कमी होते. आपल्या उदाहरणात तीन पायऱ्या वर उतरलं तर डेल्टा-जी उणे १.५ ऐवजी उणे ०.९३ उरतो आणि चढण ०.३४ वरून ०.०५ च्या खाली येते. त्या वाटेला मिळणारं वजन आतला लॅम्डा त्या ०.१९ च्या तुलनेत किती मोठा आहे यावर ठरतं. म्हणून असा रेणू निवडताना एकूण लॅम्डा ०.६ आहे एवढं बघून भागत नाही. त्यातला आतला वाटा आणि बाहेरचा वाटा वेगवेगळे लिहा, आणि परतीचा वेग त्या दोन आकड्यांनिशी पुन्हा काढा.